शाइन अ लाइट

१९६२ साली लंडनमध्ये उदयास आलेल्या ‘द रोलिंग स्टोन्स’ या रॉक वाद्यवृंदाच्या उत्तरायुष्यातील मैफलीचे चित्रण करणारा, मार्टिन स्कोर्सेसी दिग्दर्शित चित्रपट (२००८). न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये २००६ च्या शरदऋतूत झालेल्या दोन मैफलींचे चित्रण रॉबर्ट रिचर्डसन यांच्या देखरेखीखाली अनेक नामांकित छायालेखकांनी केले. ज्या वृंदाला विराट क्रीडांगणेच सवयीची, त्याला एका जुन्या, आटोपशीर नाट्यगृहात आणून बसविण्यातच दिग्दर्शकाची खरी कल्पकता दिसते. कारण त्यामुळे साठीला पोहोचलेल्या वादकांच्या सुरकुत्या, परस्परांकडे टाकलेले सूचक कटाक्ष आणि ढोलवादक चार्ली वॉट्स यांचा निर्विकार संयम हे सारे कॅमेऱ्याच्या थेट आवाक्यात येते. गीतांची यादी वेळेवर हाती न आल्याने दिग्दर्शकाची उडालेली तारांबळ प्रारंभी दाखविली आहे. ती थोडीफार रचलेली वाटते, पण रंजक खासच! वृंदाचे गायक मिक जॅगर यांचे अथक नर्तन नजर खिळवून ठेवते. तथापि पाहुण्या कलावंतांपैकी ब्लूज गायक बडी गाय यांचे आगमन हाच मैफलीचा उत्कर्षबिंदू मानावा लागेल. मध्ये पेरलेल्या जुन्या मुलाखती मात्र त्रोटक आहेत, आणि वृंदाच्या इतिहासाचा जिज्ञासू त्यांनी तृप्त होणार नाही. बर्लिन चित्रपट महोत्सवाचे २००८ मधील उद्घाटन याच चित्रपटाने झाले. पहिल्या मैफलीच्या वेळी रंगमंचामागे पडून जखमी झालेले आणि पुढे डिसेंबर २००६ मध्ये निवर्तलेले ॲटलांटिक रेकॉर्ड्सचे सहसंस्थापक अहमेत एर्टेगुन यांच्या स्मृतीस तो अर्पण केलेला आहे.