हातावरची वस्ती

हात स्वच्छ दिसला म्हणजे तो स्वच्छ आहे, असे आपण सहज धरून चालतो. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळातले डॉक्टरही तसेच धरून चालले होते. तेथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. सुइणींच्या विभागापेक्षा डॉक्टरांच्या विभागात कितीतरी अधिक स्त्रिया सूतिकाज्वराने दगावत. का बरे? डॉक्टर प्रेते फाडून तसेच बाळंतिणींकडे येत. १८४७ साली सेमेलवाईस या तरुण डॉक्टराने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलात शेकडा १८ बाळंतिणी मेल्या होत्या, जूनमध्ये सुमारे २. तरी पुष्कळांना ते पटले नाही. सभ्य गृहस्थाच्या हाताने मृत्यू येतो म्हणजे काय! आपल्या सोवळ्यालाही जंतू कुठे ठाऊक होते म्हणा.

१९३८ साली प्राइस या अमेरिकन शल्यवैद्याने एकामागून एक पात्रांत हात घासले आणि प्रत्येक पाण्यातले जंतू मोजले. काही चटकन निघाले, काही हटेनात. पाहुणे निराळे, घरचे निराळे! रोग आणतात ते बहुधा पाहुणे, आणि साबणाने जातात तेही तेच.

२००८ साली कोलोरॅडो विद्यापीठात ५१ विद्यार्थ्यांचे तळहात तपासले, तेव्हा ४,७०० हून अधिक जाती आढळल्या. सर्वांच्या हातांवर सापडल्या अशा फक्त ५! एकाच माणसाच्या डाव्या-उजव्या हातांतही शेकडा १७ जातीच सामाईक. स्त्रियांच्या हातांवर विविधता अधिक. अर्थात हे विद्यार्थ्यांचे हात झाले. आमच्या सोलापुरात मागावर तुटलेले सूत जोडणारा हात किंवा परातीत ज्वारीची भाकरी थापणारा हात त्यांत नव्हता.