बिनपगारी सभांचे आयुष्य

सरकारी कार्यालय कसे चालवावे हे सांगणाऱ्या नियमांची, परिपत्रकांची आणि हस्तपुस्तिकांची आपल्याकडे वानवा नाही. परंतु ज्या संस्थेत कोणालाही पगार नाही, कोणाची बदली करता येत नाही, कोणाच्या गोपनीय अहवालात शेरा मारता येत नाही आणि तरीही माणसे नेमाने एकत्र येऊन विचारविनिमय करतात, अशी संस्था कशी टिकते आणि कशाने मोडते, याविषयी प्रशासनाच्या पुस्तकांत फारसे काही सापडत नाही. त्यासाठी इतिहासाकडेच वळावे लागते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला तर हा प्रश्न अधिकच जवळचा, कारण परमुलखात आपली भाषा बोलण्याची जागा बहुधा अशी एखादी बिनपगारी सभाच असते.

रायपूरपासूनच सुरुवात करतो. छत्तीसगढात मराठी माणूस आला तो नागपूरकर भोसल्यांबरोबर. 1741 मध्ये भास्करपंतांची स्वारी झाली, 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. राज्य गेले तरी कारकून, शिक्षक, वकील यांची घरे राहिली. तात्यापारा या नावात आजही मराठी ऐकू येते. या घरांतल्या तिघांनी 1900 च्या जानेवारीत एक मासिक सुरू केले, आणि तेही मराठीत नव्हे तर हिंदीत. त्याचे नाव ‘छत्तीसगढ मित्र’. माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर हे संपादक आणि वामन बळिराम लाखे हे प्रकाशक. सप्रे त्या वेळी पेंड्र्याच्या राजकुमारांचे शिक्षक होते. मासिक निघे पेंड्र्याहून, छपाई प्रथम रायपुरात व पुढे नागपुरात. त्याच वर्षी तेलीबांध्यावरून धमतरीकडे जाणारी लहान रूळमार्गाची गाडी सुरू झाली. ती रायपूर शहरातून 2017 पर्यंत धावत होती. मासिक मात्र तीन वर्षांत, 1902 च्या अखेरीस बंद पडले.

बंद पडले ते दर्जा नव्हता म्हणून नव्हे. पुस्तकांचे गंभीर परीक्षण करण्याची शिस्त हिंदीत ज्यांनी आणली, त्यांत सप्रे यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. अडचण होती ती पैशाची. मासिक वाचणारे पुष्कळ, वर्गणी भरणारे थोडे, हा अनुभव आपल्याकडच्या प्रत्येक संपादकाला आहे. पण माझ्या मते त्याहून मोठी अडचण मनुष्यबळाची होती. दोन-तीन माणसांनी नोकरी सांभाळून लेखन, पत्रव्यवहार, छपाई आणि हिशेब हे सारे करावयाचे, आणि चौथा माणूस तयार करण्यास सवड कोणालाच नाही. अशी संस्था शेवटी एखाद-दुसऱ्या खांद्यावर उभी राहते आणि तो खांदा दुखला की बसते. सप्रे यांच्यावर पुढे किती भार आला ते पाहण्यासारखे आहे. 1907 मध्ये त्यांनी नागपुरास ‘हिंदी केसरी’ काढला, 1908 मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली, घरच्यांच्या दडपणाखाली माफी लिहून देऊन ते सुटले, आणि त्यानंतर बरीच वर्षे ते सार्वजनिक कामापासून दूर राहिले. त्या अलिप्ततेतच त्यांनी दासबोधाचा हिंदी अनुवाद केला, पुढे गीतारहस्याचाही. साहित्याचा लाभ झाला हे खरे. मासिकाचा मात्र वारसदार उरला नव्हता.

याच्या उलट उदाहरण पुण्याचे. 2 एप्रिल 1870 रोजी स्थापन झालेली पुणे सार्वजनिक सभा आपण शाळेत एका ओळीत शिकतो आणि विसरतो. तिच्या घटनेतील एक कलम प्रत्येक प्रशासकाने वाचावे असे आहे. सभेचा सभासद होण्यासाठी नुसती वर्गणी भरून भागत नसे. किमान पन्नास प्रौढ माणसांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. म्हणजे सभेत बोलणारा माणूस स्वतःपुरता बोलत नसे, त्याच्यामागे पन्नास सह्या असत आणि त्या पन्नासांना तो जबाबदार असे. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी पुणेकरांच्या ज्या तक्रारी होत्या, त्यांतून ही कल्पना निघाली. देवस्थानचे पंच नक्की कोणाच्या वतीने बोलतात, हा साधा प्रश्न त्यामागे होता. गणेश वासुदेव जोशी यांनी या सभेसाठी इतकी पायपीट केली की लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले. हे टोपणनाव कौतुकाचे आहे, पण त्यात इशाराही आहे असे मला नेहमी वाटते. संस्थेचे नाव एका माणसाला चिकटले की इतरांना काम न करण्याची मुभा मिळते.

सुदैवाने सभेत न्यायमूर्ती रानडे होते. ते सरकारी नोकर. सभेच्या मंचावर त्यांनी पुढे येणे अवघड, म्हणून त्यांनी मागे राहून कामाची पद्धत घालून दिली. 1876-77 च्या दुष्काळात सभेने ठिकठिकाणी माणसे पाठवून माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे ठेवली. 1878 पासून त्रैमासिक निघू लागले. भाषणाआधी माहिती, ही रानड्यांची शिस्त. 1880 मध्ये सार्वजनिक काका वारले तरी सभा चालू राहिली, याचे श्रेय या पद्धतीलाच द्यावे लागेल.

पण पद्धत चांगली असली तरी संस्था ताब्यात घेता येते. 1895 च्या निवडणुकीत टिळकांच्या पक्षाने सभेच्या व्यवस्थापक मंडळात बहुमत मिळवले. त्यात नियमबाह्य काही नव्हते. मते जास्त मिळाली, एवढेच. गोखले तेव्हा चिटणीस होते. ते बाहेर पडले आणि 1896 मध्ये रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा स्थापन केली. त्याच सुमारास आलेल्या दुष्काळात सार्वजनिक सभेने शेतकऱ्यांना त्यांचे सारामाफीचे हक्क समजावून सांगण्याची मोहीम चालवली, आणि 1897 मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की यापुढे सभेच्या पत्रांना सरकार उत्तर देणार नाही. ज्याने सरकारी टपाल हाताळले आहे त्यालाच या शिक्षेची धार कळेल. अर्जाला नकार मिळाला तर अपील करता येते. उत्तरच आले नाही तर माणूस काय करणार?

टिळकांचे बरोबर की गोखल्यांचे, या वादात मला येथे शिरावयाचे नाही. मला महत्त्वाचे वाटते ते असे की पंचवीस वर्षे एकत्र बसलेल्या माणसांना मतभेदासह एकाच छपराखाली राहण्याची तरतूद सभेच्या घटनेत सापडली नाही. सभासद कसा व्हावा याचे नियम काटेकोर होते. हरलेल्या बाजूला सभेत कोणते स्थान असावे, याविषयी नियम नव्हता.

रानड्यांनीच 1875 मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला मात्र दीड शतक ओलांडून गेली. तिचे रहस्य फार साधे आहे. उन्हाळा आला की रोज संध्याकाळी एक वक्ता, एक विषय, असा तिचा क्रम. तेथे ठराव होत नाहीत, त्यामुळे ठराव जिंकण्यासाठी माणसे गोळा करण्याची गरजही कोणाला पडत नाही. वक्ते बदलतात, अध्यक्ष बदलतात, ऋतू बदलत नाही.

हा इतिहास मी उगाळतो आहे त्यास एक तात्कालिक कारण आहे. तेलीबांधा तलावाच्या आसपास राहणारी काही मराठी कुटुंबे महिन्यातून एकदा, आळीपाळीने एकमेकांच्या घरी, एखाद्या विषयावर चर्चेसाठी जमतात. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहेच, पण या बैठकीचे स्वरूप घरगुती. आता उपस्थिती वाढली आहे, आणि सोसायटी म्हणून नोंदणी करावी, अनुदान मागावे, असा एका गटाचा आग्रह आहे. दुसऱ्या गटाला ते मान्य नाही, आणि दोन बैठका केवळ या वादात गेल्या. नोंदणी या विषयाशी माझा कार्यालयीन संबंध आला असल्याने मला विचारण्यात आले.

माझे मत मी स्पष्टपणे दिले. येथे सोसायटी नोंदणी अधिनियम 1973 लागू आहे, आणि नोंदणीनंतर दरवर्षी पदाधिकाऱ्यांची यादी व हिशेब दाखल करावे लागतात. ज्यांना जागा घ्यावयाची आहे, बँकेत खाते उघडावयाचे आहे, त्यांनी नोंदणी अवश्य करावी. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे आणि अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासून. मोठ्या कामाला कायद्याची चौकट लागतेच. परंतु चहा-पोह्यांच्या खर्चावर चालणाऱ्या बैठकीला अध्यक्षपद निर्माण करून देणे म्हणजे भांडणाला खुर्ची देणे होय. अनुदान आले की त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र लिहिणारा एक माणूस लागतो. तो मिळाला की बाकीचे निश्चिंत होतात, आणि आपण पुन्हा एका खांद्यापाशी येतो.

त्याऐवजी तीन गोष्टी सुचवल्या. बैठकीचा वार ठरलेला असावा आणि तो कोणाच्याही सोयीसाठी बदलू नये. टिपण ठेवणारा दर तीन महिन्यांनी बदलावा, आणि जाणाऱ्याने येणाऱ्याला एक बैठकभर शेजारी बसवून काम दाखवावे. तिसरी सूचना 1895 वरून सुचली: एखाद्या प्रश्नावर मते फुटली तर अल्पमतातील बाजूचे म्हणणे तिच्याच शब्दांत टिपणात लिहिले जावे, आणि पुढच्या बैठकीचा विषय निवडण्याचा अधिकार तिला असावा.

पहिल्या दोन सूचना लगेच मान्य झाल्या. तिसरीवर बराच खल झाला. एका ज्येष्ठ काकांचे म्हणणे असे की हरणाऱ्याला विषय निवडण्याचा अधिकार दिला तर माणसे मुद्दाम हरतील. त्यावर हशा पिकला, पण आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. शेवटी सहा महिने प्रयोग करून पाहावा असे ठरले. नोंदणीच्या बाजूचा गट मतदानात हरला होता, म्हणून पुढचा विषय त्यांनी निवडला. त्यांनी निवडले वामनराव लाखे. 1913 मध्ये रायपुरात सहकारी बँक उभी करणारे आणि 1920 च्या असहकारात आपली पदवी परत करणारे लाखे म्हणजे नोंदणीकृत संस्थेचा शहरातला सर्वात भक्कम पुरावा. निवड हेतुपुरस्सर होती, हे सर्वांच्या लक्षात आले. टिपण ठेवण्याची पाळी माझी आहे.