बदलतां येणारा चाप

बंदुकीच्या अंगांत चाप हा अगदीं लहान भाग. परंतु बंदूक आणि माणूस यांची खरी गांठ पडते ती त्याच्यापाशींच. नेमबाजाचें बोट चापावर टेंकतें, चाप मागें सरतो, त्याला लागून असलेली लहानशी अडकण खांचेतून सुटते, आणि कमानीनें ताणून धरलेला घोडा पुढें आदळतो. चाप फार जड असला तर नेम हलतो. फार हलका असला तर नको त्या क्षणीं बार होतो. चाप, घोडा, कमान व अडकण मिळून जी यंत्रणा होते, तिलाच बंदुकीची कळ म्हणावयाचें.

आज अमेरिकेंत पिस्तुलाचें काडतूस घेणाऱ्या आंखूड बंदुका, म्हणजे कराबिनी, नेमबाजीच्या सामन्यांत वापरल्या जातात. त्यांचे हौशी मालक मूळचा चाप काढून दुसऱ्याच कारखान्याचा चाप त्या जागीं बसवितात. एका प्रचलित घडणीच्या कराबिनींत त्यासाठीं दोन खिळी काढाव्या लागतात, इतकेंच. ना कानस लागते, ना कारागीर. ही सोय आज इतकी अंगवळणीं पडली आहे कीं तिचा विस्मय कोणास वाटत नाहीं. परंतु एकानें केलेला चाप दुसऱ्यानें केलेल्या बंदुकींत न घासतां बसावा, एवढ्या साध्या गोष्टीसाठीं माणसाला पन्नास वर्षें झगडावें लागलें, आणि त्या झगड्यांत कीर्ति एकाला व श्रम दुसऱ्याला अशी वांटणी झाली.

अठराव्या शतकांत बंदुकीची प्रत्येक कळ हातानें घडविली जात असे. कारागीर एक तुकडा दुसऱ्याशीं लावून पाही, कानशीनें घाशी, पुन्हां लावून पाही. त्यामुळें एका चकमकीच्या बंदुकीची अडकण तिच्याच शेजारीं घडलेल्या दुसऱ्या बंदुकींत बसेलच, असा भरंवसा नसे. रणांगणावर एक अडकण मोडली कीं बंदूक दुरुस्त करणाऱ्याच्या हातीं पडेपर्यंत सैनिकाच्या खांद्यावर नुसतें ओझें राही.

हें संकट दूर करण्याचा नेटाचा प्रयत्न फ्रान्समध्यें ऑनोरे ब्लां या शस्त्रकारानें केला. 1785 सालीं टॉमस जेफर्सन हा अमेरिकेचा वकील म्हणून फ्रान्समध्यें होता. ब्लांनें त्याच्यापुढें पन्नास कळींचे सुटे भाग ठेविले. जेफर्सननें हातीं येईल तो तुकडा उचलून स्वतः कित्येक कळी जुळविल्या, आणि त्या चोख जमल्या. त्याच वर्षाच्या 30 ऑगस्टला त्यानें ही हकीकत पत्रानें स्वदेशीं कळविली. पुढें फ्रान्सनें ही वाट सोडून दिली. परंतु जेफर्सनच्या मनांत पडलेलें बीज अमेरिकेंत रुजलें.

तेथें प्रथम पुढें आला तो कापसाची सरकी काढण्याच्या यंत्रामुळें गाजलेला एली व्हिटनी. 1798 सालीं त्यानें सरकारास 10,000 बंदुका सुमारें दोन वर्षांत करून देण्याचा करार केला. काम मुदतींत झालें नाहीं. 1801 च्या आरंभीं त्यानें राजधानींत थोरामोठ्यांपुढें आपल्या कळींचे भाग अदलून बदलून दाखविले, आणि सर्वांनीं माना डोलविल्या. शेवटच्या बंदुका सरकारच्या हातीं पडल्या त्या 1809 सालीं. तरीहि शाळेच्या पुस्तकांत दीडशें वर्षें व्हिटनीलाच या कल्पनेचा जनक म्हटलें गेलें. 1960 सालीं रॉबर्ट वुडबरी या इतिहासकारानें हा समज कसोटीस लावला. व्हिटनीच्या शिल्लक राहिलेल्या बंदुका उघडून पाहिल्या तेव्हां त्यांचे भाग परस्परांत बसेनात. प्रत्येक बंदुकीच्या तुकड्यांवर ओळखीच्या खुणा मात्र सांपडल्या. जे भाग खरोखर एकसारखे, त्यांवर खुणा कशाला हव्यात?

खरें काम दुसरीकडे, फारसा गाजावाजा न होतां चाललें होतें. कनेक्टिकटचा सिमियन नॉर्थ हा मूळचा विळे-कोयते करणारा. 1813 सालीं त्यानें 20,000 पिस्तुलांचा करार केला. त्यांत कोणत्याहि एका पिस्तुलाचा भाग उरलेल्या कोणत्याहि पिस्तुलास बसला पाहिजे, अशी अट होती. मेन प्रांताचा जॉन हॉल हा दुसरा. 1811 सालीं त्यानें मागून भरावयाच्या बंदुकीचा हक्क नोंदविला, आणि 1819 पासून हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रशाळेंत ती घडविण्यास आरंभ केला. कारागिराच्या नजरेवर विसंबावयाचें नाहीं, प्रत्येक तुकडा पोलादी मापांत घालून पाहावयाचा व न बसला तर टाकून द्यावयाचा, हा त्याचा दंडक. 1827 मध्यें सरकारी परीक्षकांनीं निरनिराळ्या वर्षांच्या बंदुका सोडवून त्यांचे भाग एकमेकांत मिसळले. बंदुका पुन्हां बिनचूक उभ्या राहिल्या.

पुढें हॉलच्या बंदुका करण्याचें काम नॉर्थकडेहि आलें. 1834 सालीं मिडलटाउन येथील नॉर्थच्या कारखान्यांतील भाग, तेथून शेंकडों मैल दूर असलेल्या हार्पर्स फेरीच्या बंदुकींत अचूक बसूं लागले. दोन कारखाने, दोन मालक, आणि चाप एक! याच जोडीच्या घडणीची 1833 ची कराबीन अमेरिकी घोडेस्वारांस मिळाली. हॉलच्या घडणींत दारू-गोळीचें घर, घोडा व चाप हीं सर्व एकाच ठोकळ्यावर असून तो ठोकळा बंदुकींतून वेगळा काढतां येई. 1846 ते 1848 च्या मेक्सिकोच्या युद्धांत कांहीं सैनिक गांवांत हिंडतांना कराबीन छावणींत ठेवून हा ठोकळाच खिशांत बाळगीत, आणि वेळप्रसंगीं तो पिस्तुलासारखा वापरीत.

या यशाची किंमत कारागिरांनीं मोजली. ज्याच्या हातांत आयुष्यभराची कला होती, त्याला आतां यंत्राजवळ उभें राहून एकच तुकडा कापावयाचा होता. हार्पर्स फेरीस असंतोष धुमसत राहिला. 1830 च्या जानेवारींत, कडक शिस्त लावणाऱ्या तेथील अधीक्षकास कामावरून काढलेल्या एका कारागिरानें गोळी घालून ठार केलें. ती हत्या समर्थनीय नव्हेच. परंतु तिच्यामागचें दुःख खोटें म्हणतां येत नाहीं.

1851 च्या लंडनच्या प्रदर्शनांत व्हरमाँटच्या एका कारखान्यानें असल्या सहा बंदुका मांडल्या, तेव्हां इंग्रजांचे डोळे उघडले. 1854 सालीं त्यांची समिति स्प्रिंगफील्डच्या शस्त्रशाळेंत गेली. तिनें 1844 ते 1853 या दहा वर्षांतील प्रत्येकी एक बंदूक घेतली, त्यांचे भाग मिसळले, आणि एका कामगारानें केवळ पेंचकसाच्या साह्यानें त्या पुन्हां जुळविल्या. समितीनें अमेरिकी यंत्रें विकत घेऊन एन्फील्ड येथें बसविलीं. ज्या एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसावरून 1857 सालीं हिंदुस्थान पेटला, तिचेंच उत्पादन पुढें या यंत्रांवर होऊं लागलें.

मग चापानंतर काडतुसाचीहि पाळी आली. विंचेस्टर कंपनीच्या 1873 च्या नमुन्याच्या बंदुकींत व कराबिनींत जें काडतूस चाले, तेंच 1878 पासून कोल्ट कंपनीच्या पिस्तुलांतहि चालूं लागलें. कमरेला एकच पट्टा बांधला कीं दोन्ही शस्त्रांची सोय झाली. आजची पिस्तुली काडतुसाची कराबीन याच कुळांतली.

मात्र बसणें आणि शोभणें यांत अंतर आहे. आजच्या पुष्कळशा नऊ मिलिमीटरच्या कराबिनींत बार होतांच एक जड पोलादी ठोकळा वेगानें मागें येतो आणि घोड्यावर आदळतो. रायफलीसाठीं केलेला नाजूक चाप तेथें बसतो खरा. पण तो आघात न सोसून त्याची खीळ मोडूं शकते. अडकण खांचेंत पुरती धरत नसेल, तर नुसत्या धक्क्यानेंहि बार होण्याचें भय असतें. म्हणून नवा चाप बसविल्यावर बंदूक रिकामी असल्याची खात्री करून तो पुनःपुन्हां पारखावा लागतो. माप जुळलें म्हणजे काम संपलें, असें हॉलनेंहि मानलें नव्हतें; परीक्षकांसमोर बंदुका पुन्हां जुळल्या, तेव्हांच त्याचा शब्द खरा ठरला.

व्हिटनीनें सभा जिंकली. नॉर्थ आणि हॉल यांनीं माप जिंकलें. सभेच्या टाळ्या शंभर-दीडशें वर्षें ऐकूं आल्या. परंतु अखेरीस बंदुका उघडल्या गेल्या, आणि तुकड्यांनींच साक्ष दिली.