पूररेषेची कुळकथा

आषाढ सरून श्रावण लागण्याच्या सुमारास सांगलीस दोन परिचित रस्त्यात भेटले, म्हणजे क्षेमकुशलाच्याही आधी ‘पाणी किती फुटांवर गेलं?’ हा प्रश्न निघतो. आणि हे फूट कोठले, हे कोणासच सांगावे लागत नाही, कारण १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजली जाते, तेथे ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे तेथील शाळकरी पोरासही पाठ असते. कोल्हापूरकरांचे हेच आकडे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ आणि ४३ असे आहेत. या आकड्यांतून पुढे नकाशावर उतरलेली आणि घर बांधणाऱ्याच्या परवान्यावर सत्ता गाजवणारी जी पूररेषा, तिचे कुळ शोधू गेल्यास ते वाटते त्याहून पुष्कळ दूरवर पसरलेले आढळते.

तिचा सर्वांत जुना पूर्वज आपल्याच मातीतला आहे. दख्खनच्या गावाची जमीन ‘काळी’ आणि ‘पांढरी’ अशी विभागलेली असे. काळीत पीक आणि पांढरीत वस्ती. नदीकाठच्या गावाची पांढरी बहुधा टेकाडावर असे, आणि पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या मळईत कोणी कलिंगडे, काकड्या लावल्या तरी तेथे कायमचा इमला उभारण्याचे मनात आणीत नसे. ही मर्यादा कोणत्याही दप्तरात लिहिलेली नव्हती. ती वहिवाटीत होती. नरसोबाच्या वाडीस तर पुराचा आचारच ठरून गेलेला आहे: कृष्णेचे पाणी दत्तमंदिराच्या उत्तर बाजूने आत शिरून पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडू लागले, म्हणजे ‘दक्षिणद्वार’ झाले असे म्हणतात, भाविक त्या प्रवाहात स्नान करतात, आणि पाणी आणखी चढू लागले की उत्सवमूर्ती उंचावरच्या मंदिरात नेऊन ठेवतात. नदी घरात येणार हे गृहीत धरून तिच्यासाठी दोन दारे मोकळी ठेवणारे असे स्थापत्य पाहिले, की माझे मन आदराने भरून येते.

परंतु वहिवाट ही त्याच गावात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांच्या स्मृतीवर उभी असते, आणि शहरात तर कालच आलेला माणूस आज जागा घेतो; तेथे स्मृतीच्या जागी खुणा लागतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्याखालच्या खडकवासल्याच्या भिंतीलाही भगदाड पडले, आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांतून शिरले. ते कोठवर चढले होते याच्या खुणा काही भिंतींवर करून ठेवल्या गेल्या. मात्र खूण झालेल्या पुराची साक्ष देते. व्हावयाच्या पुराविषयी काही बोलावयाचे तर गणित लागते.

ते गणित परदेशातून आले. १९१४ साली वेस्टन फुलर या अमेरिकन अभियंत्याने नद्यांच्या नोंदी मांडून किती मोठा पूर सरासरीने किती वर्षांनी येतो याचा हिशेब घातला. आणि १९४१ साली एमिल गुम्बेल यांनी त्याला सांख्यिकीचा भक्कम पाया दिला. हे गुम्बेल जर्मन गणिती. राजकीय हत्यांचा हिशेब निर्भयपणे मांडल्यामुळे हायडेलबर्गच्या विद्यापीठातून त्यांना जावे लागले, फ्रान्समार्गे ते अमेरिकेस पोहोचले, आणि तेथे या निर्वासिताने दिलेले सूत्र आज आपल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास कृष्णा-पंचगंगेचे पूर मोजताना वापरावे लागते. गिल्बर्ट व्हाइट या भूगोलज्ञाने १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात असे प्रतिपादिले, की केवळ बंधारे बांधून हानी टळत नाही, पूरभूमीत माणसाने कसे वागावे याचाही विचार व्हावयास हवा. आणि १९६८ साली अमेरिकेने पूरविम्याचा कायदा केला तेव्हा विमा आणि बांधकामाचे निर्बंध यांची गाठ बांधली गेली.

आपल्याकडे केंद्रीय जल आयोगाने १९७५ साली पूरभूमीच्या विभागणीचा नमुना कायदा राज्यांकडे धाडला. त्याचा मणिपूरने १९७८ साली अंगीकार केला, बहुतेक राज्यांनी केला नाही. महाराष्ट्राने कायद्याऐवजी परिपत्रकाचा मार्ग धरला. १९८९ च्या पाटबंधारे खात्याच्या परिपत्रकात दोन रेषा आल्या: पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, अथवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट पाणी, यांतील जे अधिक ते जेथवर पोहोचेल ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. पात्रापासून निळीपर्यंतचे क्षेत्र निषिद्ध, निळी ते लाल नियंत्रित.

या रेषा आखण्याचे काम किती नाजूक असते, हे पाहण्यासारखे आहे. नदीचे आडवे छेद घेतात, काठाचा उतार काढतात, आणि रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याने १८८९ साली मांडलेल्या सूत्रात पात्राच्या खडबडीतपणाचा एक अंक घालतात. स्वच्छ, सरळ पात्रास तो अंक ०.०३ च्या आसपास. काठावर वेडी बाभूळ माजली असेल तर त्याच्या दुप्पटही. अंक वाढला की तेवढेच पाणी वाहण्यास जास्त खोली लागते, आणि रेषा बाजूच्या वस्तीत सरकते. एका नगरपालिकेत असा एक नकाशा मी पाहिला, एकास पाच हजार या प्रमाणाचा. त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर रुंद होते, म्हणजे एका घराची ओसरी तिच्या जाडीतच बसते. परवान्याचा अर्ज घेऊन आलेला खातेदार आपला सर्व्हे नंबर बोटाने दाबून धरून विचारत होता, ‘साहेब, आमचं घर रेघेच्या अलीकडं का पलीकडं?’

सांगलीस २००५ साली पाणी सुमारे ५४ फुटांवर गेले, २०१९ साली ५७ च्या पुढे, २०२१ साली पुन्हा सुमारे ५५. सतरा वर्षांच्या आत तीनदा. ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी लोकांची जी समजूत करून दिली होती, ती येथे उणी पडली. त्या शब्दांचा खरा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता एवढाच. म्हणून तीस वर्षांचे गृहकर्ज घेणाऱ्यास त्या मुदतीत लाल रेषेपर्यंतचे पाणी एकदा तरी पाहावे लागण्याची शक्यता शेकडा २६ असते, आणि निळ्या रेषेचा पूर पंचवीस वर्षांत येण्याची शेकडा ६४. हे आकडे परवान्याच्या कागदावर, अर्जदाराच्या नजरेस पडेल अशा अक्षरांत, छापले पाहिजेत, असे मला मनापासून वाटते. शिवाय हे गणित नदीचे उद्याचे वर्तन कालच्यासारखे असेल असे धरून चालते. पाऊस बदलला, भराव पडले, पूल झाले, की जुनी नोंद अपुरी पडते आणि रेषा नव्याने आखावी लागते.

२०२० च्या राज्यव्यापी बांधकाम नियमावलीत नियंत्रित क्षेत्रातल्या इमारतीचे जोते लाल रेषेच्या पातळीहून ४५ सेंटिमीटर उंच असावे, अशी तरतूद आहे. ४५ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ एक हात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे, गवंडी अजूनही ओळंब्याशेजारी उभा राहून सहज दाखवतो ते माप.