दोरावरचा ब्लाँडिन

वेल्सच्या वायव्य कोपऱ्यात, नांत्ले खोऱ्यात, पाटीच्या दगडाच्या बंद पडलेल्या खाणी आहेत. गंजकं लोखंड पावलोपावली आडवं येतं. ते कशाचं हे ओळखायचं तर आधी त्याचं तोंड कुठे आहे ते पाहावं. मोठा ड्रम उताराच्या माथ्यावर असेल आणि समोर रुळांची वाट खाली जात असेल, तर तो वॅगनी चढवण्या-उतरवण्याचा. पण ड्रम खड्ड्याच्या काठावर, पुढे ना उतार ना रूळ, नुसती पोकळी? मग मान वर करायची. काठावर मनोरा, माथ्यावर कप्प्या, पलीकडच्या काठावर त्याचा जोडीदार आणि दोघांमध्ये पोलादी दोर. हा ब्लाँडिन.

नाव एखाद्या इंजिनिअरचं वाटतं. आहे ते दोरावर चालणाऱ्या कसरतपटूचं. १८२४ साली फ्रान्समध्ये जन्मलेला झाँ फ्रान्स्वा ग्राव्हले खेळ करताना ब्लाँडिन म्हणवायचा. ३० जून १८५९ रोजी तो नायगाराच्या घळीवर ताणलेल्या दोरावरून चालत पलीकडे गेला. मग त्याला चैन पडेना. कधी डोळे बांधून गेला, कधी चूल घेऊन गेला आणि मध्यावर बसून ऑम्लेट केलं. एकदा तर आपला व्यवस्थापक हॅरी कोलकॉर्ड याला पाठुंगळी घेऊन गेला. आपल्याकडे 'तारेवरची कसरत' म्हणतात ती घरखर्चाची किंवा युती सरकारची. याची खरोखरची होती.

यंत्राशी मात्र त्याचा काडीचा संबंध नाही. ते जन्मलं स्कॉटलंडमध्ये, ॲबर्डीनजवळच्या केम्नेच्या ग्रॅनाइट खाणीत, १८७०च्या दशकात. खाणमालक जॉन फाइफ याने डी नदीवर तारेवरून टपाल पलीकडे जाताना पाहिलं आणि त्यावरून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. पिशवीच्या जागी दगड, एवढाच फरक. दोर, त्यावरून धावणारा गाडा, खाली लोंबणारं ओझं. खाणकामगारांना नाव शोधायला लांब जावं लागलं नसणार.

नांत्लेला त्याची गरज होती, कारण तिथे दगडाचे थर जवळजवळ उभे आहेत. त्यामुळे खाण डोंगराच्या अंगावर पायऱ्यांनी चढत नाही, विहिरीसारखी खाली जाते. खोऱ्यातली डोरोथिया खाण आता पाण्याने भरली आहे आणि ते पाणी सुमारे १०० मीटर खोल आहे. असल्या खड्ड्यातून दगड काढायला तिथे आधी तिरपे दोर होते, वरच्या मनोऱ्यापासून थेट तळापर्यंत उतरलेले. पण त्यांचं ओझं ठरल्या जागीच टेकायचं; काम सरकलं की दोर हलवा. ब्लाँडिनचा दोर काठापासून काठापर्यंत जातो, गाडा हवा तिथे थांबवून आकडा सरळ खाली सोडता येतो. दोर तिरपा की जवळपास आडवा, यावरून दोघांतला फरक कळतो.

मला सगळ्यांत आवडते ती गाठींची युक्ती. आकडा खाली-वर करणारा दोर लांबवर मोकळा सुटला तर स्वतःच्याच वजनाने झोळतो आणि रिकामा आकडा खाली जाईनासा होतो. म्हणून काही ब्लाँडिनांवर एक जादा दोर असे, लोखंडी गाठी मारलेला: पहिली लहान, पुढची तिच्याहून मोठी. गाड्याच्या मागच्या शिंगावर भोकाच्या पट्ट्या ओवलेल्या. त्यांच्या भोकांतून हा दोर जाई. सगळ्यांत मागच्या पट्टीचं भोक सगळ्यांत लहान. गाडा निघाला की पहिल्या गाठीवरून पुढच्या पट्ट्या सहज पार होत, मागची अडके आणि तिथेच राहून उचलदोराला आधार देई. पुढच्या गाठीला पुढची पट्टी. परतताना गाडा एकेक उचलून पुन्हा शिंगावर घेई. वीज नाही, माणूस नाही, नुसती भोकांची मापं!

नांत्ले खोऱ्यातल्याच पेन-अर-ऑर्सेद खाणीत ब्लाँडिन अजून उभे आहेत. अशा ठिकाणी दगडाच्या चुऱ्यात कधी भोक असलेली जाड लोखंडी पट्टी सापडली, तर ती दाराची बिजागरी समजून टाकून देऊ नये. शेजारी दुसरी सापडते का पाहावं, आणि दोन्ही भोकं एकमेकांवर धरावीत.