पाच टक्क्यांची हमी

मुंबईहून पुण्यास निघालेली गाडी कर्जतला थांबते, तिला मागून जादा इंजिने जोडली जातात आणि मग ती घाट चढू लागते. खिडकीतून दऱ्या, धबधबे व एकामागून एक येणारे बोगदे पाहताना, हा डोंगर कोणी फोडला असेल असा प्रश्न कित्येकांच्या मनात येतो. पण तो कोणाच्या पैशाने फोडला आणि त्या व्यवहारातील तोटा कोणाच्या माथी बसला, हा प्रश्न सहसा कोणाला सुचत नाही. श्रोतेहो, आज मी याच दुसऱ्या प्रश्नाविषयी बोलणार आहे. लोहमार्ग कोठून कोठे जावा हे डोंगर व नद्या ठरवतात हे खरे. परंतु त्याच्या तोट्याचा धनी कोण, यावरूनही ते ठरत असते. आपल्या सह्याद्रीचा इतिहास याची चांगली साक्ष देतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून मुंबईच्या बंदरात येई. बोरघाटात १८३० साली गाडीरस्ता झाला होता. तरी वाटेत आठवडेच्या आठवडे मोडत, माल धुळीने माखे आणि वळवाच्या पावसात सापडला तर नासून जाई. इकडे विलायतेतील गिरणीवाल्यांना केवळ अमेरिकेच्या कापसावर विसंबणे धोक्याचे वाटू लागले होते. १८४६ साली तेथील पीक बुडाल्यावर ती चिंता फारच वाढली. अशा वेळी जॉन चॅपमन याने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची कल्पना लंडनच्या भांडवलवाल्यांपुढे नेटाने मांडली. मुंबईत नाना शंकरशेट व जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या कर्त्या पुरुषांनी लोहमार्गाचा पुरस्कार केला.

परंतु लंडनचा भांडवलवाला सावध होता. परक्या, दूरच्या मुलखात पैसा गुंतवण्यापूर्वी त्याला अभय हवे होते. १८४९ च्या ऑगस्टमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रेल्वे कंपनीशी करार केला, त्यात हे अभय लेखी मिळाले. गुंतवलेल्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी. मार्गासाठी लागणारी जमीन नव्याण्णव वर्षांपर्यंत फुकट. आणि उत्पन्न कमी पडल्यास उरलेली भर हिंदुस्थानच्या तिजोरीतून. ती तिजोरी म्हणजे मुख्यत्वे शेतसारा व मिठावरील कर. म्हणजे नफा भागीदारांचा आणि जोखीम रयतेची, असा हा सौदा ठरला.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. चौदा डबे, तीन इंजिने, सुमारे चारशे निमंत्रित आणि तोफांची सलामी, हा सोहळा आपण शाळेत वाचलेला आहे. परंतु खरी कसोटी पुढे घाटात होती. मुख्य अभियंता जेम्स बर्कले याने आखलेल्या बोरघाटाच्या मार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले. सुमारे सोळा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढण, पंचवीस बोगदे, आणि एके ठिकाणी गाडीची दिशाच उलटवावी लागणारे स्थानक, असे ते कठीण काम होते. १८५९ साली मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल येथे येऊन थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने मक्ता आपल्या नावावर चालू ठेवून तो पुरा केला. कामाच्या भर हंगामात बेचाळीस हजार मजूर डोंगरात राबत होते. पटकी व ताप यांनी त्यांतले किती तरी तेथेच गेले. त्यांची नावे कोठल्याही शिळेवर नाहीत. १८६३ साली घाट खुला झाला, १८६५ साली थळघाट, आणि १८६७ साली गाडी नागपूरला पोहोचली.

कामाच्या भव्यतेविषयी दुमत होणार नाही. दुमत आहे ते हिशेबाविषयी. व्याज ठरलेलेच मिळणार असेल, तर खर्चात काटकसर कोण करील? हिंदुस्थानचे माजी अर्थमंत्री विल्यम मॅसी यांनी १८७२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे याची स्पष्ट कबुली दिली. पाच टक्के मिळत असता आपला पैसा हुगळी नदीत टाकला काय किंवा विटाचुन्यात घातला काय, भांडवलवाल्यास दोन्ही सारखेच, असा त्यांच्या साक्षीचा मतलब होता. हमीची भर घालता घालता एकोणिसावे शतक सरत आले, तरी लोहमार्ग एकंदरीने सरकारी तिजोरीस तोट्याचेच राहिले. दादाभाई नौरोजी, गणेश व्यंकटेश जोशी, नामदार गोखले यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला, तो आगगाडीवर राग होता म्हणून नव्हे. पाटबंधाऱ्यांना पैसा नाही आणि लोहमार्गांना मात्र तोटा भरून द्यायला आहे, ही विषमता त्यांना सलत होती. शिवाय मालवाहतुकीचे दर बंदराकडे जाणाऱ्या व बंदरातून येणाऱ्या मालाला सवलतीचे असत. देशातल्या देशात फिरणाऱ्या मालाला ते जड पडत. रूळ डोळ्यांना दिसतात, दरपत्रक दिसत नाही. पण व्यापाराचे पाणी कोणत्या पाटाने वाहावे हे दरपत्रकच ठरवते.

आता याच सह्याद्रीच्या पश्चिमेस पाहा. मुंबईच्या गिरण्यांना व गोदीला माणसे पुरवली ती रत्नागिरी जिल्ह्याने. परंतु तेथे परदेशी पाठवण्याजोगा कापूस पिकत नव्हता. कापसाला जी वाट १८६३ साली मिळाली, ती कोकणच्या माणसाला मिळण्यास विसाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले. तोवर त्याचा भरवसा आगबोटीवर आणि पुढे मोटारीवर. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे दगावली. किनाऱ्यावरच्या माणसाने आपल्या प्रवासाची काय किंमत दिली, हे कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात सापडणार नाही.

बॅरिस्टर नाथ पै, मधु दंडवते यांनी कोकणच्या रेल्वेची मागणी वर्षानुवर्षे धरून ठेवली. १९९० साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री व दंडवते अर्थमंत्री असता कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. भागभांडवलात रेल्वे मंत्रालयाचे एकावन्न टक्के, महाराष्ट्राचे बावीस, कर्नाटकाचे पंधरा, गोवा व केरळ यांचे प्रत्येकी सहा. उरलेला मोठा पैसा रोख्यांनी उभारलेला. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोह्यापासून मंगळूरपर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरचा मार्ग, एक्क्याण्णव बोगद्यांसह तयार होऊन २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण खुला झाला. १९९९ पासून मालाने भरलेल्या मोटारी तशाच्या तशा गाडीवर चढवून नेण्याची सोयही तेथे झाली. पण रोख्यांच्या व्याजाचा भार महामंडळास जड गेला आणि मालाची वाहतूक अपेक्षेइतकी आली नाही. २०२५ साली महाराष्ट्राने महामंडळाच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणास संमती दिली, तिच्यामागे हीच पैशाची अडचण होती.

तेव्हा तोटा कोकणातही आला, मग फरक तो काय? बोरघाटाच्या वेळी ज्यांनी तोटा भरला, त्यांना मार्ग कोठून न्यावा हे कोणी विचारले नाही. कोकणात मार्ग मागणारे, भांडवल घालणारे व तूट सोसणारे बव्हंशी एकाच समाजातले होते, आणि त्यांनी निवडून दिलेल्या माणसांना त्याचा जाब विचारता येत होता. रस्ता वा लोहमार्ग केवळ लगेच फायद्यात चालेल तेथेच बांधावयाचा म्हटला, तर कोकणासारख्या मुलखांनी कायमचे वाट पाहत बसावे. मात्र लोकांच्या पैशाने तोटा सोसावयाचा, तर तो किती, किती वर्षे आणि कोणाच्या सोयीसाठी, हे आधी उघडपणे सांगितले पाहिजे.

नव्या मार्गाची घोषणा वर्तमानपत्रात वाचाल, तेव्हा नकाशावरची रेघ पाहून झाल्यावर क्षणभर थांबा, आणि हमी कोणी घेतली आहे, तेवढे शोधून पाहा.