354 रुपयांचा गहू

गव्हाचा जागतिक भाव क्विंटलला 354 रुपये. आज कुठल्याही बाजार समितीत असं कुणी म्हटलं तर त्याला वेड्यात काढतील. पण हमीभावातून भारत शेतकऱ्याला किती अनुदान देतो, याचा हिशेब अमेरिका अजून याच आकड्यावरून मांडते. ही 1986 ते 1988 या तीन वर्षांची सरासरी आहे.

मोजण्याची मूळ रीत टिम जोसलिंग या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाची. 1970च्या दशकात अन्न व कृषी संघटनेसाठी काम करताना त्यांनी ती बसवली: देशातल्या भावातून जगातला भाव वजा करायचा आणि फरकाला उत्पादनाने गुणायचं. पुढे श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेने ती उचलली. तिथे जगातला भाव ज्या त्या वर्षीचा धरत, आणि तेच रास्त होतं.

सप्टेंबर 1986 मध्ये उरुग्वेतल्या पुंता देल एस्तेला गॅट या जागतिक व्यापार कराराच्या नव्या वाटाघाटी सुरू झाल्या, तेव्हा अमेरिका आणि युरोपीय समुदाय आपापलं धान्य अनुदान देऊन परदेशी बाजारात ओतत होते. भाव कोसळले होते. 1990 मध्ये ब्रुसेल्सला शेतीवरूनच घोडं अडलं. अखेर नोव्हेंबर 1992 मध्ये वॉशिंग्टनच्या ब्लेअर हाउसमध्ये या दोघांनी आपसांत तोड काढली. जागतिक भावाच्या चढउताराचं खापर सरकारांवर फुटू नये, म्हणून या वाटाघाटींतून आलेल्या शेती करारात पायाभूत भाव कायमचा गोठवला गेला. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण कोसळलेल्या भावाशी ताडून पाहिल्यावर श्रीमंत देशांचं अनुदान फुगलेलं दिसलं. त्यातून 20 टक्के छाटूनही भली मोठी मर्यादा त्यांच्या पदरात राहिली. भारताचा हिशेब उणे निघाला, म्हणून आपल्या वाट्याला उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांची सूट तेवढी आली. हीच ‘उणे सबसिडी’ शेतकरी संघटनेचे शरद जोशी जीव तोडून सांगत होते. खुल्या व्यापारात आपल्या शेतकऱ्याला जास्त मिळेल या विश्वासाने ते या कराराच्या मसुद्याच्या, म्हणजे डंकेल प्रस्तावाच्या, बाजूने उभे राहिले.

महागाईबद्दल करारात 18.4 हे एक कलम आहे. अतिरेकी महागाईचा विचार व्हावा एवढंच ते म्हणतं. कसा करायचा, ते सांगत नाही. हा अन्याय मला सर्वांत जास्त खुपतो. 2022 चा गहू पाहा. युक्रेन युद्धानंतर व्यापारीच 2015 रुपयांच्या हमीभावापेक्षा जास्त मोजत होते, सरकारी खरेदी आटली. रुपयांतल्या हिशेबात मात्र त्या वर्षीही 2015 वजा 354, म्हणजे क्विंटलमागे 1661 रुपये ‘अनुदान’. भारत डॉलरमध्ये हिशेब देतो, तिथे हा फरक उरत नाही. अमेरिकेला ते मान्य नाही. 2018 मध्ये तिने रुपयांत मांडणी करून गव्हाचं अनुदान 60 टक्क्यांच्या वर आणि तांदळाचं 70 टक्क्यांच्या वर दाखवलं.

तांदळात 2018-19 साली डॉलरच्या हिशेबानेही 10 टक्क्यांची रेघ ओलांडली गेली. 2013 च्या बाली परिषदेत मिळवलेलं, मर्यादा ओलांडली तरी तंटा न करण्याचं ‘शांतता कलम’ भारताने तेव्हा पुढे केलं. उसाला तो आडोसाही नव्हता. उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, सरकार देत नाही, कारखाने देतात, हा भारताचा मुद्दा डिसेंबर 2021 मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा समितीने फेटाळला आणि ऑस्ट्रेलिया, ब्राझील, ग्वाटेमाला यांच्या बाजूने कौल दिला. भारताने त्यावर अपील केलं. पण अपील मंडळावर सदस्यच नाहीत, त्यामुळे तो निकाल लागू होऊ शकलेला नाही.